झाकणाआडचं घर

कवळीच्या मेणावरून चाकू फिरवता फिरवता ताईचा हात थांबला. उजव्या कानातल्या इअरफोनमध्ये दाराची बेल वाजली होती. ती दातांच्या या कारखान्यातली नव्हती. गाडीने तासाभराच्या अंतरावर, धाकट्या बहिणीच्या घरी वाजली होती, आणि भर दुपारी त्या घराची बेल वाजण्याचं काही कारण नव्हतं.

बेल एकदाच वाजली. कुणी दाबून धरली नाही की पुन्हा वाजवली नाही. अशी बेल वाजवणारा माणूस त्या घरात एकच होता, बहिणीचा नवरा. एकदा बटण दाबून तो दाराबाहेर शांत उभा राही आणि आतल्या दोघी, सासू आणि सून, हातातलं टाकून धावत.

मग ‘टप्’ असा हलका आवाज आला. धाकटीने, टकळीने, लॅपटॉपचं झाकण मिटलं होतं.

झाकण मिटलं की तिकडचे आवाज जरा जाडे होत, तोंडावर उशी धरून कुणी बोलावं तसे, पण येत राहत. एरवी झाकण लावलं की लॅपटॉप झोपतो आणि लाइन तुटते. ताईने कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला विचारून घेतलं होतं. झाकण लावल्यावर मी काय करू, असं लॅपटॉप आपल्या मालकाला विचारून ठेवतो म्हणे. तिथे ‘काहीच करू नकोस’ हे उत्तर निवडायचं. नवरा आंघोळीला गेलेला असताना टकळीने ते घाईघाईत निवडलं होतं. ‘काहीच करू नकोस’ हा सल्ला तिला लग्नापासून सगळ्यांनीच दिला होता, सख्ख्या आईनेसुद्धा. उपयोगी पडला तो हा पहिलाच.

टकळी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी तोंड म्हणून मिटत नसे, म्हणून वडिलांनी ठेवलेलं. शाळेतून आली की चप्पल काढायच्या आधी सुरू व्हायची, ती झोपेतही पुटपुटायची. लग्नानंतर त्या टकळीचं सूत कधी तुटलं, ते माहेरी कुणाला कळलं नाही. म्हणजे कळलं, पण उशिरा. आई म्हणाली, “आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला सांगायचं?” ताई दिवसभर दात आणि ओठ यांच्यामधल्या मापावरच पोट भरत होती. दात ओठात घुसत असेल तर दात घासायचा असतो, एवढं तिला धंद्याने शिकवलं होतं.

पण घासणार कसा? टकळीच्या घरी फोन दोन होते आणि दोन्ही नवऱ्याच्या खिशात. “घरात बसलेल्या माणसाला फोन कशाला?” असं तो हसून म्हणे, आणि ऐकणारेही हसत. लॅपटॉप तेवढा वाचला होता, कारण तो कंपनीचा. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकून टाइप करायचं काम टकळी घरी बसून करायची. त्याच लॅपटॉपवर मीटिंगची सोय होती. सकाळी नवरा बाहेर पडला की टकळी ताईशी लाइन जोडायची, दोघी दबक्या आवाजात दोन वाक्यं बोलून घेत, आणि मग ती लाइन टकळी रात्री झोपेपर्यंत तोडायची नाही. त्यानंतर दिवसभर तिच्याकडचा आवाज शून्यावर असे, ताईकडचा माइक बंद. म्हणजे ताईला सगळं ऐकू यायचं, पण बोलता काही यायचं नाही. भिंतीला कान असतात म्हणतात. या घराला असलेला एकुलता एक कान टेबलावर झाकण लावून पडलेला असे.

“आज लवकर रे?” हा टकळीच्या सासूबाईंचा आवाज. पाठोपाठ त्यांच्या सपातांची लगबग. “बरं झालं, बरं झालं. पाणी आणू?”

“आण.”

ताईने चाकू खाली ठेवला. समोरच्या बाकावर मालक साच्यात प्लास्टर ओतत होते. दातांच्या कारखान्याच्या या मालकाला स्वतःचे पुढचे दोन दात नव्हते. सुताराचं दार मोडकंच असायचं, असं ते स्वतःच सांगायचे. ताई दिवसभर कानात गाणी घालून बसते, अशी त्यांची समजूत होती आणि ती ताईने तशीच राहू दिली होती.

“परवाचा दौरा रद्द झाला,” कानातला आवाज म्हणाला. “मग आठवडाभर रजाच टाकली. म्हटलं, घरीच राहू.”

“हो हो, बरंच झालं की,” सासूबाई म्हणाल्या. “दगदग किती ती.”

परवा तर ताई टकळीला आणायला जाणार होती. मालकांची व्हॅन मागून ठेवली होती. नवरा दौऱ्यावर, रात्री परतणार नाही, म्हणजे सगळा दिवस हाताशी. टकळीने आपली सर्टिफिकेटं आणि दोन कपडे एका पिशवीत भरून कपाटात स्वेटरांच्या मागे ठेवले होते. एवढीच तर तयारी होती, आणि ती एका वाक्यात वाहून गेली.

“तुला नाही बरं वाटलं?” तो विचारत होता. हा प्रश्न टकळीला होता.

“वाटलं की.”

“चेहऱ्यावर दिसत नाही.”

तो कधी आवाज चढवत नसे. ताईला सगळ्यात जास्त भीती या शांतपणाचीच वाटायची. ओरडणाऱ्या माणसाचा निदान अंदाज येतो. हा विमा कंपनीत होता, अपघात झालेल्या गाड्या तपासायचा. कुठला पोचा कालचा, कुठला आजचा, ते बोट फिरवून सांगायचा. माणसांशीही तो तसाच वागे. समोर खुर्ची ओढून बसायचा, एक प्रश्न विचारायचा आणि मग नुसता गप्प राहायचा. गप्प राहण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. समोरचा माणूसच शेवटी घाबरून बोलायला लागे.

ताईने एकदा पोलिसांना फोन केला होता. दोघे जण त्या घरी गेले. त्याने त्यांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. टकळी म्हणाली, “काही नाही झालं.” पोलीस गेले. नंतरच्या आठवड्यात टकळीच्या करंगळीचं हाड मोडलं. बोट ड्रॉवरमध्ये अडकलं, असं तिने डॉक्टरांना सांगितलं. ड्रॉवर कुणी ढकलला ते नाही सांगितलं. तेव्हापासून आपण मदतीला हात पुढे केला की तो टकळीच्याच अंगावर पडतो, ही भीती ताईच्या मनात घर करून बसली होती.

कानात खुर्ची सरकली. अगदी जवळ. मग कुणाची तरी बोटं झाकणावर वाजली, एकामागून एक. थेट ताईच्या कानातच वाजल्यासारखी.

“हा गरम आहे.”

“आत्ताच काम करत होते ना,” टकळी म्हणाली.

“झाकण तर लावलंयस.”

“हो. बंद केला.”

“बंद नाहीये.” त्याचा आवाज आणखी जवळ आला. बहुधा तो वाकला होता. “ऐक ना. आतला पंखा फिरतोय.”

तो पंखा ताईलाही ऐकू येत होता. इतके दिवस येत होता, पण सतत येणारा आवाज म्हणून तिने तो कधी ऐकलाच नव्हता. टकळी काय करत असेल? हात कुठे असतील तिचे? ताईने डोळे गच्च मिटून घेतले. त्याने काही दिसणार नव्हतं, पण कान जरा पुढे सरकतील असं तिला वाटलं.

सपातांची लगबग झाली. सासूबाई. खुर्चीचा पाय फरशीवर खरडला. ‘खट्’ असा आवाज झाला, आणि पुढे काहीही नाही.

ताईने फोन खिशातून काढला. पडद्यावर एक गोल चक्र फिरत होतं आणि त्याखाली लिहिलं होतं, पुन्हा जोडत आहे.

“अगं, काय केलंस हे?” मालक उठून जवळ आले होते. समोरच्या कवळीतला पुढचा एक दात मेणातून निखळून टेबलावर पडला होता. चाकू कधी पुन्हा हातात घेतला आणि कधी रुतला, ताईला कळलंच नव्हतं. “माझ्यासारखा करून ठेवलास की बिचाऱ्याला.”

एरवी ताई हसली असती. तिने तो दात उचलून वाटीत टाकला आणि पुन्हा फोनकडे बघितलं. चक्र फिरतच होतं.

लाइन याआधीही दोन-चारदा तुटली होती. दोघींनी ते नेटवर्कवर ढकललं होतं. थोड्या वेळाने लॅपटॉप उघडला की लाइन आपोआप लागायची आणि टकळी हळूच म्हणायची, “आले गं.” तसंच असेल. असायलाच हवं. पण नेमकं आत्ताच? त्याने पंख्याचं नाव काढल्या काढल्या?

मन चिंती ते वैरी न चिंती. त्याने झाकण उघडलं असेल. ताईचं नाव वाचलं असेल. टकळीला समोर बसवलं असेल. आणि त्या सासूबाई! बरोबर वेळेला धावत आल्या. गेल्या वेळेलाही असंच झालं होतं. टकळी भाजी आणायला म्हणून बाहेर पडली आणि बसस्थानकावर गेली. तिथे पहिल्याच बाकावर नवरा बसला होता, तिचा स्वेटर मांडीवर घेऊन. “गार वाटेल तुला,” एवढंच म्हणाला. ती बसस्थानकाकडे वळली, हे घरात फक्त सासूबाईंनी बघितलं होतं. ताईने या बाईला कधी नीट पाहिलं नव्हतं, लग्नात तेवढी. पण गेले काही आठवडे तिचं ते ‘हो हो’ आणि ‘बरं झालं’ ऐकून ऐकून ताईच्या तोंडात कडू चव येई. मुलाच्या प्रत्येक वाक्यामागे मान डोलावणारी बाई.

फोन करावा का? नंबर त्याचाच होता. ताईचा अंगठा नंबरवर येऊन थांबला. “आज कशी काय आठवण झाली, ताई?” तो गोड आवाजात विचारेल. पंखा आणि हा फोन, दोन्ही मिळून त्याला एक आख्खी गोष्ट सापडेल. लाइन नुसतीच तुटली असेल, तर ताई स्वतःच्या हाताने आग लावून मोकळी होईल. आणि नुसती तुटली नसेल, तर इथे मेण कोरत बसणारी बहीण ही कसली बहीण?

ती उठली, नळाखाली हात धरले, पुसायचे विसरून परत आली. पडद्यावरचं चक्र थांबलं होतं. आता तिथे काहीच नव्हतं, नुसतं टकळीचं नाव होतं आणि त्यापुढे एक करडा ठिपका.

“मालक, व्हॅन आज मिळेल का?”

“परवा म्हणाली होतीस.”

“आज हवीय. आत्ता.”

मालकांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. तोंडं बघण्यातच त्यांचा जन्म गेला होता. ते काही विचारतील, काहीतरी टोमणा मारतील असं तिला वाटलं, पण त्यांनी प्लास्टरने माखलेला हात भिंतीकडे केला.

“किल्ली खिळ्याला आहे. दुसरा गिअर अडकतो, जरा लाडीगोडी लावावी लागते.”

ती किल्ली घेऊन दाराशी पोचते न पोचते तोच कानात ‘टप्’ झालं.

ती जागच्या जागी थांबली. झाकण उघडलं होतं. आवाज एकदम मोकळे झाले, खोलीभर पसरलेले. लांब कुठेतरी नळ गळत होता. आणि अगदी जवळ कुणीतरी श्वास घेत होतं. तो श्वास टकळीचा नव्हता. जुना होता, थोडी शिट्टी वाजवत येणारा.

सापडलो, ताईच्या मनात आलं. आता बोलेल कुणीतरी.

“कुणी ऐकतंय का, मला काही कळत नाही यातलं.”

सासूबाई होत्या. ताईने दाराची चौकट धरली.

“ही मी बोलतेय. सासू तिची.” थोडा वेळ नुसता श्वास. “ती ठीक आहे. घाबरू नका. गाडी धुवून घ्यायला गेलाय, तिला बरोबर घेऊन गेलाय. येतील इतक्यात. म्हणून पटपट बोलते, पण मला पटपट नीट बोलता येत नाही.”

आणि खरंच ती पटपट बोलत नव्हती. इतक्या दिवसांत त्या आवाजात घाई नाही असं ताई पहिल्यांदाच ऐकत होती.

“वायर मीच काढली मगाशी. ती काढली की हा गप्प होतो, आतल्या पंख्यासकट. एकदा इस्त्रीसाठी काढली होती, तेव्हा बघितलं मी. सुनेच्या तोंडावरचा रंगच उडाला. धावत येऊन तिने झाकण उघडलं. म्हटलं, यात काहीतरी आहे. मग एकदा ती झाकणाला म्हणाली, ताई, आम्ही आता जेवायला बसतो. मी मागे दारात होते.”

ताईच्या डोळ्यांपुढे दुरुस्तीवाल्याने दाखवलेला तो पडदा आला. तिथे प्रश्न एक नव्हता, दोन होते. वायर लावलेली असताना काय करू, आणि वायर नसताना काय करू. पहिल्याचं उत्तर टकळीने घाईत बदललं होतं. दुसऱ्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. तुटणारी प्रत्येक लाइन म्हणजे कुणीतरी वायर काढलेली होती, आणि आज ती काढली होती म्हणून टकळी वाचली होती.

“त्याला म्हटलं, ती विसरली असेल, मी केला बंद. त्याने कान लावून ऐकलं. आवाज थांबला होता. मग काही बोलला नाही. पण त्याच्या मनातून जायचं नाही ते. तो घरी आहे आता आठवडाभर. तो ते उकरून काढणार.” मग एक मोठा श्वास. “तुम्ही परवा येणार होतात ना? सून झाकणाशी म्हणत होती. पिशवीही बघितलीय मी, स्वेटरांमागची. परवा नको. आजच या. संध्याकाळी तो बॅडमिंटन खेळायला जातो, ते काही झालं तरी चुकवत नाही. तेव्हा या. गाडी मागच्या गल्लीत लावा.”

ताईने तोंड उघडलं. मग तिला आठवलं की इथून तिकडे काहीच जात नाही. तिने माइक चालू केला असता तरी तिकडे आवाज शून्यावर होता.

“आणखी एक आहे,” सासूबाई म्हणाल्या. नळाचे थेंब पडत राहिले. “गेल्या वेळी बसस्थानकाचं मीच सांगितलं त्याला. मला सांगायचं नव्हतं. त्याने विचारलं. खुर्ची ओढून समोर बसला आणि विचारलं. मी नाही टिकत त्याच्यापुढे. लोकांना वाटतं, आई आहे, ती एक ठेवून देईल. तो दहावीत असल्यापासून मी घाबरते त्याला. कुणाला सांगणार? आपल्याच पोटचा.”

ताईच्या हातातली किल्ली तळव्यात रुतली होती.

“म्हणून म्हणतेय, तिला न्याल आणि मी घरी राहीन. तो येईल, खुर्ची ओढेल, आणि मी सांगेन. कोण आलं, कुठली गाडी, कुठल्या बाजूला वळली, सगळं सांगेन. माझं मला ठाऊक आहे. तेव्हा मला घरात ठेवून जाऊ नका. जागा असेल तर. सुनेला मी अजून विचारलेलं नाही. ती कशाला हो म्हणेल? माझी एकच पिशवी आहे, ती मी मांडीवर घेईन.”

पुन्हा श्वास, शिट्टीसारखा.

“वायर परत लावते. आणि वरचा पंखा मोठा करते, म्हणजे याचा आवाज कळायचा नाही.”

टप्.

व्हॅन कारखान्याच्या मागच्या अंगणात उभी होती. ड्रायव्हरशेजारची सीट रिकामी होती. मागच्या सीटवर पार छतापर्यंत प्लास्टरच्या साच्यांचे खोके रचलेले होते, शहरभरातल्या माणसांचे जबडे. ताई मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली, पण तिने दार उघडलं नाही.

कारण भीती गेली नव्हती. तिने फक्त जागा बदलली होती. तो तिथेच उभा नसेल कशावरून? सासूबाईंच्या खुर्चीमागे, हात घडी घालून? ‘असं असं बोल’ म्हणाला असेल. ‘संध्याकाळी बोलव तिला, मागच्या गल्लीत.’ जी बाई एकदा बोलली, ती दुसऱ्यांदा का बोलणार नाही? ती स्वतःच तर सांगतेय, मी टिकत नाही म्हणून. खोटं बोलणारी बाई असं सांगेल का? की हेसुद्धा त्यानेच पढवलं? ज्या आवाजाचा ताईने इतके दिवस राग राग केला, त्याच्यावर आता बहिणीचा जीव टाकायचा होता, आणि हातात पुरावा म्हणून काय होतं, तर बाई सावकाश बोलली एवढंच.

कानात आता वरच्या पंख्याची घरघर भरून राहिली होती. त्या घरघरीतून बेल वाजली. एकदाच.

सपाता धावल्या. दार उघडलं. टकळीच्या चपला ताईने ओळखल्या, त्या सरळ आतल्या खोलीत गेल्या. जिवंत आहे, चालतेय. ताईने व्हॅनच्या पत्र्याला पाठ टेकली.

“पंखा का एवढा मोठा?” तो म्हणाला.

“उकडतंय रे.”

पावलं टेबलापाशी आली, थांबली.

“आई, जरा बस.”

“चहा टाकते ना आधी.”

“बस.”

खुर्ची ओढली गेली. मग दुसरी. ताईला दोन खुर्च्या समोरासमोर दिसल्या, जसं काही ती त्याच खोलीत होती. पळून जावं, कानातलं काढून फेकून द्यावं असं तिला वाटलं. पुढे काय होणार ते ऐकायची ताकद तिच्यात उरली नव्हती, आणि न ऐकायची तर त्याहून नव्हती.

“मगाशी ही वायर तू काढलीस.”

“हो.”

“आता लावलेली आहे. कुणी लावली?”

पंखा फिरत होता. तो गप्प होता. त्याचं ते गप्प राहणं इतक्या अंतरावरून, झाकणातून, पंख्याच्या आवाजातूनही नीट ऐकू येत होतं. एखादी बाई अशा वेळी काय करते? ओठ कोरडे पडतात, जीभ दातांवरून फिरते. आता बोलेल. आता सगळं बोलेल. आतल्या खोलीत टकळीही दाराआड उभी असेल, तिला तर काही माहीतही नाही. ताईने कानावर तळवा दाबून धरला.

“मीच,” सासूबाई म्हणाल्या.

“का?”

“उद्या तिचं काम अडायला नको म्हणून. डबडं आहे ते, चार्ज नसलं तर चालत नाही म्हणते.”

तो पुन्हा गप्प बसला. आता जास्त वेळ. मालक अंगणाच्या दारात येऊन उभे राहिले आणि ताईकडे बघून त्यांनी नुसती भुवई उचलली. ताईने हात वर करून त्यांना थांबवलं.

“आम्ही नव्हतो तेव्हा काय करत होतीस?”

सासूबाईंच्या श्वासातली शिट्टी ऐकू आली. एकदा. दोनदा.

“काय करणार, बाबा? जरा आडवी झाले होते.”

“मग?”

“मग काय? डोळा लागला.”

पंखा फिरत राहिला. खुर्ची मागे सरकली, पण कुठली ते कळलं नाही. मग सपाता उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दिशेने निघाल्या. या वेळी धावत नव्हत्या, एकेक पाऊल फरशीवर घासत, पाय उचलण्याइतकंही बळ न उरलेल्या माणसासारख्या चालत होत्या.

“एकाच माणसाला आणायचंय म्हणाली होतीस ना?” मालक म्हणाले. “पुढची सीट रिकामीच आहे की.”

ताईने व्हॅनचं मागचं दार उघडलं आणि वरचा पहिला खोका उचलून त्यांच्या हातात दिला.